घेतली आणि घेतली असेल

सर, उद्या मला तुमच्या मुलाबद्दल चार माणसांसमोर बोलायचं आहे, आणि काय बोलायचं ते माझं अजून ठरत नाही. आज रविवार. घरातली कामं पडून आहेत, गव्हाचं दळण डब्यात तसंच आहे, आणि मी दुपारची जेवणं उरकून इथं कागद घेऊन बसले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा शांत आवाज आठवायला मला थोडं थांबावं लागतं, पण तुमचं ओरडणं मात्र लगेच कानात येतं. "काऊन वं पोरी, डोकं घरी ठेवून आली काय?" तसं आज कोणी ओरडलं असतं तर बरं वाटलं असतं. गेला आठवडाभर सगळे माझ्याशी इतकं गोड बोलताहेत की मला धडकीच भरली आहे. शाळा समितीचे अध्यक्ष, ज्यांनी आजवर माझ्या नमस्काराला नीट मान हलवली नाही, ते परवा एसटी स्टँडवर मला बसायला जागा करून देत होते.

तुम्ही गेलात तेव्हा मी नोकरीत नवीन होते आणि तुमचा मुलगा आपल्या शाळेत साधा शिक्षक होता. आता ते मुख्याध्यापक आहेत आणि मी तुमच्याच वर्गांवर इंग्रजी शिकवते. शाळेत मी त्यांना सर म्हणते, घरी दादा. पुढच्या वर्षी ते रिटायर होतील. माणूस वाईट नाही, सर, हे मी तुम्हाला खूश करायला लिहीत नाही. पोरांवर हात उगारत नाहीत, कोणाचं मन दुखवत नाहीत, कोणी रागावलं की आधी स्वतःच माफी मागून मोकळे होतात. तुमच्यासारखा तापटपणा त्यांच्यात तिळभर नाही. कधी कधी वाटतं, असता तर बरं झालं असतं.

झालं काय ते आधी सांगते. आता शाळेत पाचवी ते आठवीच्या लेकरांना दुपारचं जेवण मिळतं, कधी खिचडी, कधी उसळ-भात. नियम असा आहे की लेकरांना वाढायच्या आधी एका मोठ्या माणसानं त्यातलं घासभर खाऊन पाहायचं, आणि ठीक वाटलं तरच "वाढा" म्हणायचं. आमच्याकडे ते काम दादांचं. स्वयंपाकाला एक मावशी आहेत. तोंडानं फटकळ, हातानं स्वच्छ, पदर खोचून एकदा पातेल्यापाशी उभी राहिली की मग मुख्याध्यापकांनाही "सरका बाजूले" म्हणणारी बाई. पण एक गोष्ट त्या कधीच करत नाहीत. मीठ-तिखट अंदाजानं टाकतात, वासावरून ओळखतात, आणि लेकरांची पंगत उठेपर्यंत एक शीतही तोंडात घालत नाहीत. लेकरांच्या आधी खाल्लं तर ते अन्न उष्टं होतं, असं त्यांचं म्हणणं. देवाच्या नैवेद्याला आपण तोंड लावतो का, असं विचारतात. दादांनी चाखलेलं त्यांना चालतं, कारण ते उष्टं त्यांच्या हातून झालेलं नसतं. यावर त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, मी घालून पाहिला आहे.

त्या दिवशी संकष्टी होती. चतुर्थीचा उपवास तुमच्याच घरचा, तो दादांनी कधी मोडला नाही. एरवी चतुर्थीला ते आमच्यातल्या कोणाला तरी चव घ्यायला पाठवायचे, त्या दिवशी विसरले. माझा आठवीचा वर्ग स्वयंपाकाच्या शेडसमोर आहे. पोरांची तोंडं फळ्याकडे, माझं खिडकीकडे. दादा शेडच्या दारापर्यंत आले. मावशींनी मटकीच्या उसळीवरचं झाकण काढलं, वाफ वर आली, दादांनी दारातूनच मान हलवली, "वाढा" म्हणाले आणि ऑफिसकडे वळले. मी पाहिलं आणि मनात म्हटलं, आधी कोणी चाखलं असेल. आणि फळ्याकडे वळले.

सकाळी ग्रामपंचायतीच्या माणसानं शाळेच्या टाकीत पाणी शुद्ध करायची पावडर टाकली होती. ती जरा जास्तच पडली, आणि तो कोणाला न सांगता निघून गेला. त्याच पाण्यात मटकी शिजली. मसाल्यात वास दबला, पण चव कडू झाली असणार, कारण बऱ्याच लेकरांनी अर्ध्या ताटावरून उठून उलट्या केल्या. काय ती धावपळ, सर! जीप बोलावल्या, लेकरं भरली, दवाखाना गाठला, आयांचा आरडाओरडा, माझ्या हातात कोणाची तरी चप्पल होती ती संध्याकाळपर्यंत तशीच. दिवेलागणीला सगळी घरी आली आणि दुसऱ्या दिवशी मैदानावर धिंगाणा घालत होती. देवाची कृपा म्हणायची, दुसरं काय.

पण प्रश्न उरलाच. वाढायला परवानगी कोणी दिली? मावशी म्हणाल्या, सरांनी. दादा घाबरले. घाबरून त्यांच्या तोंडून निघून गेलं, "मी चव घेतली, तेव्हा उसळ चांगली होती. नंतर कमी पडते म्हणून बाईनं टाकीचं पाणी घातलं असेल." मी तिथंच उभी होते. दुपारी जे "घातलं असेल" होतं ते शाळा सुटेपर्यंत गावात "घातलं" झालं, आणि दुसऱ्या दिवशी धाड गावच्या बाजारात "तिनं मुद्दामच घातलं" झालं. उद्या पंचायत समितीचे विस्तार अधिकारी चौकशीला येत आहेत. मावशींना काढायचं हे समितीनं मनातून ठरवलेलं आहे, अध्यक्षांच्या भावजयीला ते काम हवंच होतं. राहिली फक्त मी. समोरच्या वर्गात कोण होतं, तर मी.

आणि त्या वेळी मी शिकवत काय होते सांगू? तुमचाच धडा. फळ्याच्या डावीकडे बी, डू, हॅव आणि त्यांची सगळी रूपं. उजवीकडे कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड, मस्ट. गाइडमध्ये हे सगळे एकाच चौकटीत कोंबलेले असतात, वर 'हेल्पिंग व्हर्ब्ज' असं ठोकून दिलेलं, आणि पोरं दरवर्षी विचारतात, मॅडम, दोन्ही मदतच करतात तर वेगळं नाव काऊन? हाच प्रश्न मी तुम्हाला विचारला होता, तुमच्या तासाला, उभी राहून. केवढे खेकसला होतात माझ्यावर! "पुस्तकात लिहिलं हाय ते आधी पाठ कर, मग वकिली कर." सगळा वर्ग हसला. मी घरी जाऊन रडले आणि आईला सांगितलं की मी इंग्रजी सोडून देते.

दुसऱ्या दिवशी तुम्ही वर्गात आलात ते खडू हातात घेऊनच. माझ्याकडे पाहिलंही नाही. पण शिकवलंत ते सगळं माझ्या प्रश्नाचं उत्तर होतं, हे मला तेव्हाही कळलं होतं. "हे डावीकडचे घरचे गडी," तुम्ही म्हणालात. "जसा कर्ता, जसा काळ, तसे वाकतात. 'डू'चं 'डज' होते, 'डिड' होते. 'हॅव'चं 'हॅज' होते, 'हॅड' होते. 'बी'चे त अवतार मोजता येत नाहीत. अन् वेळ पडली त एकटे घर चालवतात. 'आय हॅव अ बुल.' आता हितं दुसरं क्रियापद कुठं हाय? एकटा 'हॅव' सारं सांभाळून राह्यला. आता उजवीकडे पाहा. हे मोडल. हेबी मदतीलेच येतात, म्हणून ऑक्झिलरीच. पण हे व्याही हायेत. एकटे येत नाहीत, कामाले हात लावत नाहीत, अन् कोणापुढं वाकत नाहीत. 'ही' असो का 'दे' असो, 'मस्ट' म्हणजे 'मस्ट'. 'मस्ट्स' कोण्या गाढवानं लिहिलं त कान उपटीन. अन् व्याही बसला की घरचं क्रियापद कसं उभं राह्यते? साधं. शेपूट न लावता. 'ही कॅन सिंग.' 'सिंग्ज' नाही, 'सिंगिंग' नाही, 'टू सिंग' त नाहीच नाही." मागच्या बाकावरच्या कोणीतरी 'ऑट'ला 'टू' लागतो ना, असं विचारलं, आणि तुम्ही म्हणालात, "तो व्याह्याचा दूरचा भाऊ हाय, त्याचं नंतर पाहू."

मी त्या दिवशी तुमच्या घरी आले होते, आठवतं का? रूपं समजली होती, पण अर्थ समजला नव्हता. काकू चुलीपुढं भाकरी थापत होत्या. तुम्ही खाटेवर पेपर वाचत होतात. काकूंनी विचारलं, "पोरगी जेवली काय?" तुम्ही पेपरमागूनच म्हणालात, "जेवली असन." काकूंनी हातातली भाकरी परातीत आपटली. "असन काय? समोर बसली हाय, इचारा ना तिले! मास्तर झाले म्हणे." तुम्ही पेपर खाली ठेवला आणि इतके मोठ्यानं हसलात की शेजारचं कोणी डोकावून गेलं. मग मला म्हणालात, "ऐकलं वं? तुह्या काकूनं सारा धडा शिकोला. 'जेवली' ही खबर. 'शी हॅज ईटन.' 'जेवली असन' हा माह्या पोटातला अंदाज. 'शी मे हॅव ईटन.' अन् 'जेव' हा काकूचा हुकूम. 'शी मस्ट ईट.' बी, डू, हॅव घडलं काय, अन् कधी, एवढं सांगतात. मोडल सांगते बोलणाऱ्याच्या मनातलं. खबर द्याची त डोळ्यानं पाहून दे. अंदाज द्याचा त आपल्या नावावर दे. अंदाजाले खबरीचं धोतर नेसवून गावात फिरवू नको." मी तेव्हा जेवले नव्हतेच. काकूंनी मला भाकरी आणि ठेचा वाढला आणि मी लाजत लाजत दोन भाकरी खाल्ल्या.

पुढं मला याच शाळेत नोकरी लागली तेव्हा तुम्ही काकूंना घेऊन आमच्या घरी आलात. काकूंनी माझी ओटी भरली, मोरपंखी रंगाची साडी दिली, आणि तुम्ही माझ्या वडिलांना म्हणालात, आजपासून ही आमची बी पोरगी. तेव्हापासून भाऊबीजेला मी दादांना ओवाळते. माझा सख्खा भाऊ सुरतेला असतो, तो दोन-चार वर्षांत एकदा येतो. दादा कधी चुकले नाहीत. माझ्या बाळंतपणात डबा घेऊन दवाखान्यात आले होते ते दादाच. आता सांगा.

शुक्रवारी ते घरी आले. चपला दारात काढून नेहमीच्या खुर्चीवर बसले. चेहरा असा उतरलेला की मला पाहवेना. "ताई," म्हणाले, "मी विसरलो. माणूस आहे मी. इतकी वर्षं नोकरी केली, एक ठपका नाही. आता जाता जाता हे." मी म्हटलं, "मग तसंच सांगा ना साहेबांना. विसरलो म्हणा." ते म्हणाले, "मी आधीच घेतली म्हणून बसलो आहे. आता कुठल्या तोंडानं फिरवू?" मग खुर्ची जरा पुढं ओढून हळू आवाजात म्हणाले, "तुला मी खोटं बोल म्हणत नाही. तू वर्गात शिकवून राह्यली होती. 'घेतली असेल' एवढंच म्हण. त्यात खोटं काय आहे?"

सर, तुमच्या मुलानं मला हे सांगावं! तुमच्या घरात, त्याच चुलीपुढं जो वाढला, त्यानं! माझं डोकं असं फिरलं की उठून काहीतरी आपटावंसं वाटलं. आणि तोंडातून निघालं काय, तर "चहा टाकते दादा." चहा टाकायला आत गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. बाहेर येऊन विचारलं, "आणि मावशीचं काय?" ते म्हणाले, "तिला दुसरीकडे लावून देऊ. मी शब्द टाकतो." चहा त्यांनी अर्धाच घेतला.

मावशी मला त्याच्या आदल्याच दिवशी धाडच्या बाजारात भेटल्या होत्या. मी त्यांना पाहून भाजीच्या दुकानाआड व्हायला गेले, पण त्यांनी हाक मारली. "मॅडम, लपू नका. मी काही तुमच्या पाया पडाले नाही आली, मिरच्या घ्याले आली." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या मिरच्या निवडत राहिल्या आणि माझ्याकडे न पाहता बोलत राहिल्या. "तुमच्या खिडकीतून माहं पातेलं दिसते, अन् मले तुमचा फळा. मले त्यातलं काई वाचता येत नाही. पण तुमाले माह्या पातेल्यात काय चालू हाय ते समजते. काम गेलं त जाऊ द्या, शेतात निंदाले जाईन. पण लेकरायच्या पोटात इख घातलं म्हणते गाव. माही नात त्याच पंगतीत जेवाले बसली होती, मॅडम. तिले पण उलट्या झाल्या. माह्याच नातीले मी इख घालू?" मिरचीवाल्या बाईनं त्यांच्या हातातून पिशवी घेतली ती अगदी दोन बोटांनी, लांबून. ते मी पाहिलं. मावशींनीही पाहिलं आणि गुपचूप पुढं गेल्या.

मघाशी स्वयंपाकघरात कोणी नव्हतं तेव्हा मी मोठ्यानं म्हणून पाहिलं, "घेतली असेल." किती सहज निघतं तोंडातून. कुठं अडत नाही, कोणाला बोचत नाही. मग "नाही घेतली" म्हणून पाहिलं, तर आवाजच फुटेना. अशी मी शिक्षिका. चला, गिरणी बंद होईल, दळण टाकून येते. उद्याचं उद्या.

सोमवार, संध्याकाळ. सर, झालं सगळं. घाईनं लिहिते आहे म्हणून अक्षर असं येतं आहे, ओरडू नका.

ऑफिसात विस्तार अधिकारी होते, पुण्याकडचे, वयानं लहान, सगळ्यांना 'बरं का' म्हणून समजावणारे. आमचं बोलणं ऐकून त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू यायचं. शेजारी अध्यक्ष. टेबलामागं दादा. मावशी दाराशी उभ्या, त्यांना कोणी बस म्हटलं नाही. मीच माझी खुर्ची सरकवली तर अध्यक्ष म्हणाले, "राहू द्या मॅडम, ती उभीच बरी हाय." साहेबांनी आधी मावशींना विचारलं, मग दादांना. दादांनी तेच सांगितलं, फक्त या वेळी "घेतली" म्हणताना त्यांचा आवाज खाली गेला. मग माझी पाळी आली.

"मॅडम, तुमचा वर्ग समोरच आहे. मुख्याध्यापकांनी चव घेतली असावी, बरोबर ना?"

प्रश्नातच उत्तर घालून दिलं होतं, मला फक्त मान हलवायची होती. अध्यक्ष म्हणाले, "घेतलीच असन ना सायेब, रोजचं काम हाय त्यायचं. मॅडमले पोरायकडे पाहा लागते, खिडकीतून काय दिसते?" मी दादांकडे पाहिलं. ते टेबलावरचा काचेचा गोळा फिरवत होते. मी मावशींकडे पाहिलं. त्या बाहेर आपल्या शेडकडे पाहत होत्या, माझ्याकडे नाही. मला त्यांचा राग आला, सर. एकदा तरी माझ्याकडे पाहायचं होतं त्या बाईनं. हात जोडायचे होते, डोळ्यांत पाणी आणायचं होतं, म्हणजे मला सोपं गेलं असतं. त्यांनी काही केलं नाही.

"नाही घेतली," मी म्हटलं.

"नाही म्हणजे? तुम्हाला दिसलं नाही?"

"दिसलं. सर दारात उभे होते, आत गेले नाहीत. मावशींनी झाकण काढलं, सर 'वाढा' म्हणाले आणि गेले. संकष्टी होती, त्यांना उपवास होता. आणि पाणी नंतर कोणीही घातलं नाही. पंगत बसेपर्यंत मी पुन्हा पुन्हा त्या पातेल्याकडेच पाहत होते, कारण मलाही भूक लागली होती."

अध्यक्ष खुर्चीतून अर्धे उठले. "मॅडम, इचार करून बोलून राह्यल्या ना?" आणि सर, मी इतकी वर्षं ऑफिसात शुद्ध बोलते, साहेब आले की जास्तच. पण तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "हाव. पाह्यलं मी. माह्या डोळ्यानं पाह्यलं." साहेबांच्या ओठांवर हसू आलं नाही.

मग दाराशी मावशी बोलल्या. "सायेब, मी पण नाही चाखलं." साहेबांनी विचारलं, "का हो? शिजवता तुम्ही, मग चाखत का नाही?" मावशींना तो प्रश्नच कळेना. "लेकरायच्या आधी कशी खाऊ? उष्टं होते ना." साहेबांनी पेन खाली ठेवला. "म्हणजे एवढ्या पातेल्याला शाळेतल्या एकाही मोठ्या माणसानं तोंड लावलं नाही. यांना उपवास, आणि यांना उष्टं नको." मी अध्यक्षांकडे पाहिलं, तेही चतुर्थी धरतात, त्यांनी मान खाली घातली. आणि मग दादांनी तो काचेचा गोळा बाजूला ठेवला आणि म्हणाले, "हो साहेब. उपवास होता. मी चव घेतली नाही. बाईनं पाणी घातलं हेही मी मनानंच म्हटलं." एवढं बोलून त्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसले.

मावशींचं काम राहिलं. गाव त्यांना काय म्हणायचं ते म्हणत राहील काही दिवस, पण कागदावर त्यांचं नाव स्वच्छ आहे, आणि उद्या चूल त्याच पेटवणार आहेत. उपवासाच्या दिवशी कोणी चाखायचं ते साहेबांनी ठरवून दिलं, त्यात पहिलं नाव माझं. दादांना लेखी खुलासा द्यावा लागेल. त्याचं पुढं काय होईल ते आज कोणीच सांगू शकत नाही, रिटायरमेंटचे कागदही अडकतील म्हणतात. अध्यक्ष माझ्या समोरून गेले आणि मी जणू तिथं नव्हतेच.

मी शेडकडे गेले. मला वाटलं होतं, मावशी काहीतरी बोलतील. त्या पातेलं घासत होत्या. राखेचा हात तसाच ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दिवसभरात पहिल्यांदा, आणि विचारलं, "एवढे दिवस काऊन लागले, मॅडम?" मी म्हटलं, "पातेलं मोठं आहे, एकट्या कशाला घासता." त्या म्हणाल्या, "रोजचंच हाय," आणि पुन्हा घासायला लागल्या.

शाळा सुटल्यावर दादा गेटपाशी स्कूटर काढत होते. मी बाजूनं निघून जाणार होते, त्यांनीच थांबवलं. मला वाटलं, आता बोलतील, बोलू देत, ओरडू देत, काय वाट्टेल ते म्हणू देत. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "बाबा असते ना ताई, तर आज त्यांनी तुझी पाठ थोपटली असती." टोमणा नव्हता तो. डोळे भरलेले होते त्यांचे, आणि त्यांना खरंच तसं वाटत होतं. मी मान हलवली आणि घरी येऊन आधी हा कागद काढला.

कारण ते खरं नाही, सर. हे मी दादांना सांगू शकत नाही, मावशींना तर नाहीच नाही, आणि हा कागद कुठं जायचा नाही म्हणून तुम्हाला सांगते. त्या दारात दादांच्या जागी तुम्ही असता, उपवास तुमचा असता, आणि आज टेबलामागं मान खाली घालून तुम्ही बसला असता, तर मी साहेबांना 'घेतली असेल' म्हटलं नसतं. मी सरळ 'घेतली' म्हटलं असतं. माझ्या डोळ्यांनी पाहिलं, असंही म्हटलं असतं, आवाज जरासुद्धा कापला नसता. आणि मावशी आज कायमच्या घरी गेल्या असत्या.